पन्नास पत्रे आणि एक पोटा

मेसमध्ये राजमा आणि मक्याच्या घट्ट उगालीचा तिसरा घास तोंडात असताना जोथाम खाएम्बाने समोर बसलेल्या ताहिनाला विचारलं, "काय गं, जेवत का नाहीस?" बस, एवढंच केलं त्याने. पुढचं सगळं आपोआप होत गेलं, असं तो अजूनही सांगतो. ते खरं नाही. आपोआप काही झालं नाही, सगळं त्याच्या तोंडाने केलं.

ताहिना मादागास्करची. समुद्र ओलांडून आमच्या पश्चिम केनियात, इलुबाया विद्यापीठात वनशास्त्र शिकायला आलेली. मुलगी हुशार, पण बोलणं मोजकं. तिने फोन ताटाशेजारी ठेवला आणि चार वाक्यांत सांगितलं. त्यांच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. माणसं वाचली. आई शिकवते त्या शाळेचं छप्पर उडालं. आता एकशेवीस पोरं फणसाच्या झाडाखाली बसतात, पाऊस आला की घरी जातात, आणि तिकडे सध्या पाऊस रोज येतो.

"किती पत्रे लागतील?" जोथामने विचारलं.

"आई म्हणते पन्नास."

"पन्नासच ना? देऊ की!"

हे त्याने हळू म्हटलं असतं तर प्रश्न नव्हता. पण राजम्यात मीठ बरोबर पडलं होतं, मन मोठं झालं होतं, आणि आवाजही. चारही टेबलांनी ऐकलं. कुणीतरी टाळी वाजवली. ज्या माणसाच्या स्वतःच्या बुटाला मागच्या सत्रापासून तळ नव्हता, त्याने समुद्रापलीकडच्या शाळेला छप्पर दिलं होतं.

ताहिनाने त्याच्याकडे नीट बघितलं. "खरंच म्हणतोयस?"

"म्हणजे काय! हरांबे करू." हरांबे म्हणजे आमच्याकडची वर्गणीची सभा. लग्न, मयत, दवाखाना, शाळा, काहीही अडलं की आम्ही हरांबे करतो.

"मग एक ऐक," ती म्हणाली. "मला कुठे पुढे उभं करू नका. 'ही बघा बिचारी' असं मला चालणार नाही."

"छे छे! कोण उभं करतंय तुला? माझा शब्द."

एका जेवणात दोन शब्द देऊन जोथाम हात धुवायला उठला.

समिती दुपारीच झाली. फानिस नासाम्बू अध्यक्ष झाली, कारण ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती, तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, आणि तिच्याकडे कुठल्याशा जुन्या मंडळाचा रबरी शिक्का होता. जोथाम चिटणीस. चिटणीसाने पळायचं असतं हे त्याला नंतर कळलं. त्याचा समज असा की चिटणीसाने भाषण करायचं असतं. त्या रात्रीच त्याने अकरा पानी भाषण लिहून काढलं. नाव दिलं, 'समुद्र आपल्याला जोडतो'. इलुबायापासून समुद्र आठशे किलोमीटर लांब आहे आणि जोथामने तो कधी पाहिलेला नाही, पण भाषण चांगलं होतं. मी वाचलंय. दुसरं कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

आता विद्यापीठाच्या आवारात सभा घ्यायची म्हणजे परवानगी आली. विद्यार्थी-कल्याण कचेरीत अंदायी नावाचे कारकून बसतात. माणूस सज्जन, पण घाई हा प्रकार त्यांना मान्य नाही. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"कारण, चक्रीवादळ," ते म्हणाले. "पुरावा?"

"कसला पुरावा, साहेब?"

"वादळाचा."

"पेपरात आलंय की. हे बघा."

"ही झेरॉक्स आहे. मूळ प्रत कुठंय?"

"वादळाची?"

"पेपरची हो! पण वादळाचंही काही असेल तर जोडा. शिक्का असलेलं."

फानिस म्हणाली, "साहेब, वादळ काही शिक्का मारून जात नाही."

"हीच तर अडचण आहे," अंदायी हळहळले. "लोक काळजीच घेत नाहीत."

शिवाय छापील अर्जात कार्यक्रमाचे तीनच प्रकार होते, क्रीडा, प्रार्थना आणि नाच-गाणी. हरांबेला रकाना नव्हता. प्रार्थना म्हटलं तर पाद्र्याचं पत्र लागणार, नाच-गाणी म्हटलं तर गाण्यांचे शब्द तपासून घ्यावे लागणार. शेवटी क्रीडावर खूण केली. मग अंदायींनी पंचाचं नाव आणि रुग्णवाहिकेची सोय विचारली. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ निघाली, 'आपद्ग्रस्त व्यक्तीची समक्ष सही'.

ताहिनाला बोलवावं लागलं. ती आली, टेबलापुढे उभी राहिली.

"तुम्हीच का त्या आपद्ग्रस्त?" अंदायींनी विचारलं.

"आपद्ग्रस्त शाळा आहे. मी वनशास्त्र, दुसरं वर्ष."

"तसा रकाना नाही हो इथे."

तिने सही केली आणि निघून गेली. जोथाम तिच्या मागे दहा पावलं गेला आणि परत आला. त्याला मनापासून लाज वाटली. माणूस मदत करायला निघाला आणि पहिल्याच पायरीवर तिला रांगेत उभी करून बसला. त्याने ठरवलं की आता आकाश कोसळलं तरी या मुलीला कुणापुढे उभी करायची नाही.

चार दिवसांनी परवानगी मिळाली. शनिवार, क्रीडांगण, सकाळी अकरा. अट एकच, आवारात पैसे गोळा करू नयेत. तेव्हा सभा फाटकाबाहेरच्या चर्चच्या पटांगणात ठरली, जिथे परवानगी लागतच नव्हती. फानिसने तो कागद फाडला नाही. वकील होणारी मुलगी, तिने फाइलला लावला.

दरम्यान जोथामने लाल रंगात भित्तिपत्रकं रंगवली होती, 'एक माणूस, एक पत्रा!' त्याला म्हणायचं होतं, एका पत्र्याची किंमत. पण आमच्याकडे हरांबेला माणूस आहे ते आणतो. कुणी केळ्यांचा घड, कुणी कोंबडी, कुणी पोतंभर मका. तुम्ही पत्रा म्हणालात तर पत्रा. मंगळवारी सकाळी एक म्हातारबाबा सायकलवर आडवा बांधून पत्रा घेऊन आले.

"याला भोकं आहेत, बाबा," जोथाम म्हणाला.

"बारीक आहेत रे. तिकडचा पाऊस जाड असेल तर आत येणार नाही."

पत्रा समुद्रापलीकडे पाठवता येत नाही हे त्यांना कोण सांगणार? आणि देणाऱ्याला नको म्हणणं आमच्यात बसत नाही. गुरुवारपर्यंत गंजके चौदा पत्रे जमा झाले. एकाला खुराड्याचा वास होता. एक घेऊन आलेल्या गृहस्थांच्या मागोमाग त्यांची बायको आली. तो त्यांच्या संडासाचा निघाला. तिने नवऱ्याला आणि पत्र्याला दोघांनाही चार शब्द सुनावत घरी नेलं. तेरा उरले. ते खाकासामावशींच्या अंगणात रचले.

खाकासामावशी म्हणजे जोथामची घरमालकीण. फाटकाबाहेर तिच्या सहा खोल्या, वय साठीच्या पुढचं, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. मतं देण्यात तिने कधी हात आखडता घेतला नाही.

"पाहुणा कोण आहे तुझ्या हरांबेला?" पत्र्यांकडे बघत तिने विचारलं.

"पाहुणा नाही, मावशी. साधेपणानं करायचं ठरवलंय."

"साधेपणानं? हरांबे आहे की तुझी परीक्षा? पाहुण्याशिवाय कोण खिशात हात घालील रे?" तिने पायरीवर बैठक मारली. "ऐक. पाहुण्याला पोट हवं, गाडी हवी, आणि त्याचा एक वैरी गर्दीत बसलेला हवा. चीफ लुतोमियांना बोलाव. आणि मकांडागुरुजींना तिसऱ्या रांगेत बसव. पहिल्या नको. पहिल्या रांगेत अपमान पुरेसा होत नाही."

लुतोमिया म्हणजे आमच्या भागाचे निवृत्त चीफ, सरकारने नेमलेले मुखिया, आता दगडाच्या खाणीचे मालक. मकांडागुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. दोघांच्या बांधावर एक निलगिरीचं झाड होतं. ते कुणी तोडलं यावरून दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. झाड विजेनं पडलं होतं, पण एवढ्यावर थांबायला दोघंही तयार नव्हते.

"आणि त्या पोरीला पुढे उभी कर," मावशी म्हणाली. "जरा रडू दे तिला. लोक विरघळतात."

"ते नाही जमायचं, मावशी. शब्द दिलाय."

"मग घाल त्या शब्दाचं छप्पर शाळेवर!" मावशी तणतणत उठली, घरामागे गेली आणि काखेत कोंबडा घेऊन आली. तांबडा, उंच तुऱ्याचा, साडेतीन किलोचा, अख्ख्या गल्लीला पहाटे उठवणारा. "हा घे. लिलावाला. माझ्या घरचा सगळ्यात देखणा पुरुष आहे, नीट सांभाळ."

कोंबड्याशिवाय हरांबे म्हणजे आमच्याकडे कल्पनाच नाही. कोंबडा लिलावात काढायचा, जो घेईल त्याने पैसे मोजायचे आणि कोंबडा सभेला परत द्यायचा. मग तो पुन्हा विकायचा. चांगला कोंबडा एका दुपारी दहा वेळा विकला जातो आणि संध्याकाळी मालकिणीच्या घरी जातो. हे कुणी कुणाला शिकवत नाही, आईच्या पाठीवर असल्यापासून सगळे बघत असतात. म्हणजे सगळी भिस्त त्या एका कोंबड्यावर.

लुतोमिया यायला कबूल झाले. फक्त जाता जाता म्हणाले, "जेवणाचं काय?"

"कोंबडा आहे ना, साहेब."

"गावरान?"

"गावरान," जोथामने सांगितलं.

आता आमच्या समाजात पाहुण्याला कोंबडा वाढतात म्हणजे नुसतं मांस वाढत नाहीत. त्यात पोटा असायला हवा. पोटा म्हणजे कोंबड्याच्या पोटातली ती दाणे दळणारी पिशवी. तो मानाचा तुकडा. तो पाहुण्याच्या ताटात जातो, पाहुणा नसेल तर घरच्या कर्त्या पुरुषाच्या. बाईच्या ताटात जात नाही. पोटा नसलेला कोंबडा पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे त्याला दार दाखवणं. यावरून सोयरिकी मोडलेल्या मला माहीत आहेत.

हे सगळं जोथामला ठाऊक होतं. पण शनिवारी सकाळी बाजारात गावरान कोंबड्यांचे भाव ऐकून तो मागच्या पावली फिरला. कोपऱ्यावरच्या दुकानात पांढरी, साफ केलेली, पिशवीत बंद केलेली कोंबडी निम्म्या किमतीला मिळत होती. रश्श्यात कुणाला कळणार, त्याने विचार केला. वाचलेल्या पैशातून त्याने भाषणाला निळं पुठ्ठ्याचं कव्हर घालून घेतलं. कोंबडी चर्चच्या मागच्या चुलीशी तिथल्या महिला मंडळाच्या बायकांच्या स्वाधीन केली, मावशीचा कोंबडा तिथेच खुंटाला दोरीने बांधला, आणि तो खुर्च्या लावायला गेला.

पटांगण सुरेख सजलं होतं. तेरा गंजके पत्रे बांबूंवर टाकून पाहुण्यांसाठी मांडव केला होता. तंबूचं भाडं वाचलं. भोकांतून ऊन खाली पडायचं, त्यामुळे पाहुण्यांच्या टेबलावर ठिपकेच ठिपके दिसत होते, पण एकंदरीत सावली होती. सकाळपर्यंत विद्यार्थ्यांकडून आणि बाजारातून एकोणीस पत्र्यांचे पैसे जमले होते. मोजणी पत्र्यांतच चालली होती, फानिसने फळ्यावर मोठा आकडा लिहिला होता. ताहिना मागे, मोहरलेल्या आंब्याखाली, आपल्या वर्गातल्या मुलींबरोबर बसली होती.

अकराचे पाहुणे दोन वाजता आले. गाडीतून उतरताच लुतोमियांनी हवा हुंगली. जोथाम निळं कव्हर उघडून पुढे झाला. "मान्यवर पाहुणे, समुद्र आपल्याला..."

"भाषण जेवणानंतर," लुतोमिया म्हणाले. "किंवा राहू दे." आणि माईक घेऊन त्यांनी जाहीर केलं, "माझ्यातर्फे पाच पत्रे. माझ्या मित्रांतर्फे तीन!" लुतोमियांचे मित्र प्रत्येक हरांबेला देतात. त्यांना कधी कुणी पाहिलेलं नाही, पण पैसे रोख येतात, त्यामुळे कुणी विचारत नाही. फळ्यावर सत्तावीस झाले. उरलेले तेवीस कोंबड्याने आणायचे होते.

बायकांनी ताट आणून लुतोमियांपुढे ठेवलं. उगाली, भाजी, लालभडक रस्सा, आणि मधोमध, सगळ्यांना दिसेल असा, पोटा. जोथामला तो दिसला आणि बरं वाटलं. मग तो विचारात पडला. पिशवीतल्या कोंबडीला पोटा कुठून आला?

"आणि आता," फानिसचा आवाज घुमला, "कोंबडा आणा!"

जोथाम चुलीकडे धावला. खुंट होता. खुंटाला दोरी होती. दोरीच्या टोकाशी दोन तांबडी पिसं होती.

"कोंबडा कुठंय?" त्याने विचारलं.

"पाहुण्याच्या ताटात," डाव हातात घेतलेली बाई म्हणाली. "तुझ्या पिशवीतल्या त्या पांढऱ्या प्रकाराला पोटाच नव्हता रे बाबा! दुकानवाल्यानं काढून ठेवलेला. असलं वाढतात का चीफला? बरं झालं, तू हा बांधून ठेवला होतास. म्हटलं, पोरगा शहाणा आहे, दोन्हीची सोय करून गेला."

तिला काय म्हणणार? खुंटाला बांधलेला कोंबडा आणि दारात आलेला पाहुणा, यातून आमच्याकडची कुठलीही बाई तोच अर्थ काढील. तेवढ्यात खाकासामावशी खुर्च्या मोजून तिथे आली. तिने दोरीकडे पाहिलं, पिसांकडे पाहिलं, मग जोथामकडे.

"माझा कोंबडा, जोथाम," ती एवढंच म्हणाली, आणि चुलीजवळच्या ओंडक्यावर पाठ करून बसली. ती ओरडली असती तर परवडलं असतं.

जोथाम फानिसच्या कानाशी लागला. ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले. समोर दोनशे माणसं कोंबड्याची वाट बघत होती, फळ्यावर सत्तावीस होते, आणि लुतोमियांची बोटं पोट्यापासून वीतभर अंतरावर होती.

"थांबा, चीफसाहेब!" फानिस कडाडली.

बोटं थांबली.

"मंडळी, आज कोंबडा जिवंत नाही. पण कोंबड्याचा मान तर जिवंत आहे ना? तो बघा ताटात! आज आपण पोटाच लिलावात काढतोय. कोण खाणार आज इलुबायाचा पोटा? बोला!"

पटांगणात कुजबूज झाली. असलं कुणी ऐकलं नव्हतं. लुतोमिया उसळले. "अगं पोरी, पाहुणा मी आहे! तो माझाच आहे!"

"आहेच साहेब. राखा ना मग."

"एक पत्रा!" तिसऱ्या रांगेतून मकांडागुरुजी म्हणाले. गुरुजींनी तोंड उघडलं म्हणताच सगळी सभा सावरून बसली.

लुतोमियांनी मान वळवली नाही. "दोन."

"अडीच."

"अर्धा पत्रा कुठं असतो का? फानिस, त्यांना सांग, अर्धा पत्रा नसतो. तीन!"

पहिली फेरी तीन पत्र्यांवर लुतोमियांची. हुश्श करून त्यांनी पोटा उचलला. समोर दोनशे माणसं नुसती बघत होती. रिवाज तो रिवाज. विकत घेतलेलं सभेला परत द्यायचं असतं. तोंडापर्यंत नेलेला पोटा त्यांनी परत ताटलीत ठेवला. "सभेला भेट," ते मोठ्या कष्टाने म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरी फेरी गुरुजींनी चार पत्र्यांना मारली. ताटली पाहुण्यांच्या टेबलावरून उठून तिसऱ्या रांगेत गेली. लुतोमिया तिच्याकडे बघत राहिले. गुरुजींनी पोटा दोन बोटांत धरला, डोळे मिटून वास घेतला, उजेडात फिरवून पाहिला, जवळजवळ ओठांना लावला. "रस्सा बरा झालाय," ते शेजाऱ्याला म्हणाले. मग ताटलीत ठेवला. "सभेला भेट."

मग काय विचारता! तिसरी पाच पत्र्यांना लुतोमियांची, चौथी सहाला गुरुजींची. लोक उभे राहिले. पोटा थंड झाला, रस्सा सुकला, ताटली इकडून तिकडे फिरत राहिली. पाचवी फेरी लुतोमियांनी चार पत्र्यांना घेतली, पण आवाज खाली आला होता. गुरुजींनी हात वर केले. "माझी पेन्शन आहे बाबांनो, खाण नाही." लुतोमियांनी ताटली परत केली आणि खिसा बाहेर काढून दाखवला. मित्रांचंही त्यांनी नाव काढलं नाही.

फळ्यावर एकोणपन्नास.

"सहावी फेरी," फानिस म्हणाली. "एकच पत्रा हवाय, मंडळी. एकच."

बोली आली नाही. जे द्यायचे ते सकाळीच देऊन बसले होते. जोथामने आपले खिसे चाचपले. त्यात भाषण होतं. पैसे निळ्या कव्हरला गेले होते.

"ती पोरगी कुठंय?" मधूनच कुणीतरी ओरडलं. "जिची शाळा पडली ती! तिला आणा की पुढे!"

"हो, हो! बघू दे! दोन शब्द बोलू दे!"

माना मागे वळायला लागल्या. फानिसने जोथामकडे बघितलं. पन्नासावा पत्रा तिथे, आंब्याखाली होता. तिला दोन मिनिटं उभी केली असती तर पन्नासच काय, साठ झाले असते. मावशी खोटं बोलत नव्हती.

जोथाम खुर्चीवर चढला. "ती पुढे येणार नाही," तो म्हणाला. "मी तिला शब्द दिलाय. एक पत्रा कमी पडला तर पडू दे, मी कुठूनतरी आणीन. तिला कुणी बोलवायचं नाही."

एवढं बोलून तो उतरला. अकरा पानांतलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

काहींना राग आला असावा. आणि मागून, आंब्याखालून, शांत आवाज आला.

"एक पत्रा."

ताहिना उभी होती. "बोली लावतेय मी," ती म्हणाली. "लावता येते ना?"

"येते की," फानिस म्हणाली. "एक पत्रा! एक पत्रा एक वार..."

सवयीने लुतोमियांचं तोंड उघडलं. "दो..."

"लुतोमिया, खाली बस," तिसऱ्या रांगेतून गुरुजी म्हणाले.

लुतोमिया खाली बसले. अकरा वर्षांनी त्या दोघांत झालेलं ते पहिलं बोलणं.

"दोन वार... तीन वार! ताहिनाचा!"

सुट्टीत रोपवाटिकेत पिशव्या भरून साठवलेले पैसे होते तिचे. घाई न करता ती रांगांमधून चालत आली, टेबलावर पैसे ठेवले आणि फानिसने फळ्यावरचा आकडा पुसून पन्नास लिहीपर्यंत तिथेच थांबली. कुणी 'बिचारी' म्हटलं नाही. लोक खुर्च्या सरकवून तिला वाट देत होते. जोथामचे डोळे भरून आले. ते लपवायला त्याने भाषणाचं कव्हर तोंडापुढे धरलं. अखेर त्याचा तेवढा उपयोग झाला.

आता पोटा तिचा. लोकांना वाटलं, सभेला परत देईल. लुतोमियांना वाटलं, निदान आता पाहुण्याला देईल, आणि त्यांनी ताट जरा पुढे सरकवलंही. ताहिनाने ताटली उचलली, लुतोमियांच्या समोरून गेली आणि थेट चुलीकडे वळली. जोथाम मागोमाग.

खाकासामावशी अजून ओंडक्यावर पाठ करून बसली होती.

"मावशी," ताहिना तिच्यापुढे वाकली, "आमच्या घरी कोंबडी केली की मानाचा तुकडा आजीला. कोंबडा तुमचा होता. घ्या."

"अगं वेडे, हा बायका खात नाहीत," मावशी दचकली. तिने आजूबाजूला बघितलं. मंडळाच्या सगळ्या बायका हातातलं टाकून उभ्या होत्या. पलीकडे पटांगणात दोनशे माणसं टाचा उंचावून बघत होती. साठ वर्षांत तिने किती कोंबडे कापले, किती पोटे साफ करून, शिजवून, सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, जावयांच्या ताटात ठेवले, त्याला हिशोब नव्हता. तिने पोटा उचलला आणि सरळ तोंडात टाकला.

ती चावत राहिली. बराच वेळ चावत राहिली.

"कसा आहे, मावशी?" फानिसने माईकवरूनच विचारलं.

मावशीने घास गिळला, डोक्याच्या रुमालाने डोळे पुसले आणि उठून उभी राहिली. "अमृत!" तिने सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं सांगितलं. "नुसतं अमृत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. लुतोमियांनी खिन्नपणे मान डोलावली.

मग मावशीने ताहिनाचा कान पकडून तोंड जवळ नेलं, आणि जोथामलाही दुसऱ्या हाताने ओढलं.

"चामडं आहे गं नुसतं!" ती पुटपुटली. "चिवट चामडं! पण बाहेर बोलायचं नाही. नाहीतर पुढच्या हरांबेला हे बाप्ये पैसे काढणार नाहीत."

वादळाची बातमी आल्यापासून पहिल्यांदा ताहिना हसली. आणि हसू आवरेना तशी आईला फोन लावायला आंब्याखाली पळाली.